जनुकच दुरुस्त करता येत असेल, तर प्रथिनांच्या मागे कोण लागेल?

कुंपणावरचा

नमनाला घडाभर तेल घालत नाही. भाचीने पीएच.डी.साठी प्रथिन-रसायनशास्त्र निवडलंय. घरात अडवणारं कुणी नाही, पण मामा या नात्याने शंका काढायचा हक्क मी बजावला.

शंका दोन. एक, प्रथिन हे शेवटी जनुकाच्या हुकमावरून तयार होतं. उद्या क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने जनुकातलीच चूक काढून टाकता येणार असेल, तर जन्मभर बाहेरून प्रथिन टोचत बसायचं कशाला? मुळावर घाव घालता येतो तिथे फांद्या छाटणाऱ्याला काम उरतं का? दुसरी, प्रथिनाचा आकार आता संगणक सांगतो, २०२४चं रसायनशास्त्राचं निम्मं नोबेल त्यालाच मिळालं. मग प्रयोगशाळेत उरलं काय?

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, ती जनुकं कापणारी कात्री कशाची असते?" एवढं बोलून चप्पल घालून गेली. मी तेव्हापासून विचारात. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. भाबडे प्रश्न असतील तर सांभाळून घ्या.

आळसोबा

शीर्षकात प्रथिन बघून धावत आलो. वाटलं पावडर कुठली घ्यावी यावर हाणामारी असेल. निराशा झाली, तरी बसतोय. चालू द्या.

स्पष्टवक्ता

भाचीबाईंचं उत्तर चटपटीत आहे, पण अर्धंच. कात्री प्रथिनाची असते हे खरं. क्रिस्परची कात्री म्हणजे कॅस९, हे १३६८ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. पण क्रिस्पर जिंकलं ते प्रथिनांच्या कटकटीतून सुटका केली म्हणून.

त्याआधीची झिंक फिंगर नावाची पद्धत आठवा. त्यात डीएनएवरचा पत्ता प्रथिनच वाचायचं. तिसेक अमिनो आम्लांचं एक बोट साधारण तीन अक्षरं वाचणार. जागा बदलली की बोटं नव्याने घडवायची, एकमेकांशेजारी बसवायची, आणि शेजार बदलला की तीच बोटं वेगळं वाचायला लागायची. महिनोन् महिने जायचे त्यात. २०१२मध्ये शार्पेंटिए आणि डाउडना यांनी दाखवलं, की पत्ता आरएनएच्या वीस अक्षरांत लिहून देता येतो, प्रथिन तेच ठेवायचं. आज ती वीस अक्षरं मागवली की कुरियरने येतात. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती अशी. त्यामुळे धागाकर्त्याची शंका मला तरी भाबडी वाटत नाही.

गोठणबिंदू

स्पष्टवक्ता, झिंक फिंगरबद्दल पूर्ण सहमत. पण गोष्ट २०१२मध्ये थांबली का?

कॅस९ला दोन पाती आहेत, डीएनएच्या प्रत्येक धाग्यासाठी एक. दहाव्या जागेवरचं ॲस्पार्टिक आम्ल काढून तिथे ॲलॅनिन घातलं की एक पातं बोथट होतं. १३६८ पैकी एक बदल! मग ते डीएनए आरपार कापत नाही, एकाच धाग्यावर खाच पाडतं. या बोथट कात्रीला जोडून अक्षर बदलणारं विकर (एन्झाइम) बसवलं की झाला बेस एडिटर. त्यातल्या ए-चं जी करणाऱ्या प्रकाराची कथा तर अफाट आहे. डीएनएतल्या ॲडेनिनचा अमिनो गट काढणारं असं विकर निसर्गात माहीतच नव्हतं. जवळचं होतं ते आरएनएवर काम करणारं, जिवाणूतलं. डेव्हिड ल्यू यांच्या गटाने त्याच्यात फेरफार करत, निवडत, पुन्हा फेरफार करत ते डीएनएवर काम करायला 'शिकवलं'. २०१७ची गोष्ट. हे प्रथिनांचंच काम की हो!

आता दुसरी शंका, संगणक आकार सांगतो ही. सांगतो, आणि मीही रोज वापरते. पण माझा एक अनुभव ऐका.

विद्यार्थिदशेत एक प्रथिन शुद्ध करत होते. जिवाणूत बनवलं, निकेलच्या कॉलमवर पकडलं, इमिडॅझोलने सोडवलं. जेलवर एकच ठसठशीत निळा पट्टा, आजूबाजूला काही नाही. असा पट्टा दिसला की माणूस दोन दिवस हवेत असतो. रात्री ते डायलिसिसच्या पिशवीत भरून चार अंशाच्या खोलीत बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, सोडलं. सकाळी स्वेटर घालून आत गेले तर पिशवीत पांढरे तंतू तरंगताहेत. दही विरजल्यासारखं नाही, कापूस पिंजल्यासारखं. तीन आठवडे पाण्यात गेले, आणि अक्षरशः पाण्यात. कारण काय, तर बफरचा पीएच ७.४ आणि प्रथिनाचा समविद्युत बिंदूही जवळपास तेवढाच. त्या बिंदूला रेणूवरचा एकूण भार शून्य होतो, एकमेकांना ढकलणं थांबतं, आणि सगळे गळ्यात गळे घालून तळाशी बसतात.

आकाराचा फोटो कितीही सुंदर असला, तरी हे त्यात दिसत नाही. आणि ते आकडेमोडीने आधी कळलं असतं का, तर हो, एका मिनिटात. मी केली नव्हती. आता करते.

संगणकी_किडा

आमची बाजूही मांडतो. साखळीतल्या क्रमातच आकार दडलेला असतो, हे ॲन्फिन्सेन यांनी १२४ अमिनो आम्लांच्या रायबोन्यूक्लिएज या प्रथिनावर दाखवलं. उलगडलं आणि ते आपोआप पुन्हा घडी घालून बसलं. त्याचं नोबेल १९७२चं. मग क्रमावरून आकार ओळखायला अर्धं शतक लागलं. २०२२ साली अल्फाफोल्ड या आकार ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीच्या साठ्यात सुमारे २० कोटी आकार झाले. हे हलक्यात घेऊ नका.

पण मान्य, तो स्थिर फोटो असतो. प्रथिन आयुष्यभर एका पोझमध्ये उभं राहत नाही. कॅस९ डीएनएवर बसल्यावर त्याचं पातं बरंच फिरतं, तेव्हा कुठे कापतं. शिवाय अल्फाफोल्ड ज्यावर शिकलं ती सगळी माहिती गोठणबिंदूताईंसारख्यांनी थंड खोलीत कुडकुडत जमवलेली. आम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे.

आळसोबा

बघा, संगणकवाल्यांनी कबुली दिली. धाग्याचं सार्थक झालं, कुलूप लावा.

सुईदोरा

मी शास्त्राचा माणूस नाही, पण प्रथिन रोज टोचून घेतो, म्हणून लिहितो. टाइप १ मधुमेह, वयाच्या अकराव्या वर्षापासून. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन आणि रात्रीचं ग्लार्जिन.

रात्रीचं जरा चुरचुरतं. जेवणाआधीचं तसं नाही. डॉक्टरांना विचारलं तर "होतं काही जणांना" एवढंच. शिवाय ताकीद, की ही दोन एका सिरिंजमध्ये कधी मिसळायची नाहीत. का ते कुणी सांगितलं नाही. दोन्ही दिसायला पाण्यासारखी स्वच्छ. एकदा झोपेत पेनची अदलाबदल झाली, रात्रीच्या मापाने जलद इन्सुलिन घेऊन बसलो. लक्षात आलं तसा पहाटेपर्यंत साखर मोजत आणि साखर खात जागा. तेव्हापासून एका पेनला रबरबँड गुंडाळलेला असतो, अंधारात हाताला कळतो.

तर माझा प्रश्न: दोन्ही इन्सुलिनच ना? मग एक चुरचुरतं, दुसरं नाही. एक पंधरा मिनिटांत कामाला लागतं, दुसरं दिवसभर पुरतं. हे कसं?

गोठणबिंदू

सुईदोरा, तुमचं उत्तर माझ्या त्या पिशवीतल्या तंतूंमध्येच आहे! मला जे अपघाताने झालं ते तुमच्या कातडीखाली रोज मुद्दाम घडवलं जातं.

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्या, एक २१ची आणि एक ३०ची. ग्लार्जिन करताना लांब साखळीच्या शेपटाला दोन आर्जिनिन जास्त जोडली आणि छोट्या साखळीचं शेवटचं अमिनो आम्ल बदलून ग्लायसिन केलं. आर्जिनिन धन भाराचं, म्हणून समविद्युत बिंदू वर सरकला, शरीराच्या पीएचच्या जवळ आला. पेनमध्ये ते पीएच ४च्या आम्लात विरघळवून ठेवलेलं असतं. चुरचुर होते ती त्या आम्लाची. टोचल्यावर आजूबाजूचा पीएच ७.४, ते तिथेच साका होऊन बसतं आणि कणाकणाने विरघळत दिवसभर रक्तात उतरतं. जलद इन्सुलिनमध्ये मिसळलंत तर आम्ल बिघडतं, साका सिरिंजमध्येच व्हायला लागतो, मग कशाचाच भरवसा नाही. ताकीद त्यासाठी.

जलद प्रकारांपैकी लिस्प्रोची युक्ती उलटी. लांब साखळीतली २८वी आणि २९वी जागा, प्रोलिन आणि लायसिन, यांची फक्त अदलाबदल. तेवढ्याने रेणू एकमेकांना चिकटून सहाचा गट करून राहायचं सोडतात आणि सुटे सुटे पटकन रक्तात जातात.

सुईदोरा

इतकी वर्षं टोचतोय आणि हे आज कळतंय. आज रात्री चुरचुरलं तर निदान ओळखीचं वाटेल. मनापासून आभार.

रानपाखरू

वरचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. वाचनखूण साठवली.

बातमीबहाद्दर

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न राहिला. सिकल सेल या रक्ताच्या आजारात क्रिस्परने बिघडलेलं जनुक दुरुस्त केलं, रुग्ण बरे झाले, नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यताही दिली. म्हणजे धागाकर्त्याचाच मुद्दा सिद्ध होतो. प्रथिन बाजूला, जनुक दुरुस्त, विषय संपला.

तांबडमाती

बातमीबहाद्दर, थांबा थांबा. हा गैरसमज इतक्या ठिकाणी छापून आलाय की तुम्हाला दोष देत नाही. त्या उपचारात सिकल सेलच्या चुकीला कुणी हातही लावलेला नाही. ती चूक पेशीत जशीच्या तशी असते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं, हा आजार एवढाच. पाण्याशी सख्य असलेल्या भारित आम्लाच्या जागी पाण्याशी फटकून असणारं. ऑक्सिजन सोडला की ते व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खळगीत जाऊन अडकतं, त्याला तिसरा, त्याला चौथा. लांब दांडे तयार होतात आणि तांबडी पेशी आतून कोयत्यासारखी वाकते. पॉलिंग यांनी १९४९मध्येच याला 'रेणूचा आजार' म्हटलं होतं. त्यानंतर काही वर्षांनी इंग्रॅम यांनी नेमकं कुठलं अमिनो आम्ल ते शोधलं. दोन्ही कामं प्रथिनांवरची.

आता उपचार. गर्भात असताना आपल्याकडे गॅमा साखळीचं वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं प्रथिन ते बंद करतं. मान्य झालेला उपचार रक्ताच्या मूळ पेशींत या बीसीएल११एचं बटण कापतो. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं, दांड्यांच्या मध्ये मध्ये येऊन त्यांना वाढूच देत नाही. म्हणजे गाठ प्रथिनाची, आणि ती दुसऱ्या प्रथिनाला मधे घालून सोडवली.

आणखी एक. या उपचारात कात्री पेशीत कशी घालतात? विषाणूतून जनुक पाठवून नाही. तयार कॅस९ प्रथिन आणि मार्गदर्शक आरएनए एकत्र करून विजेच्या झटक्याने थेट पेशीत घालतात. प्रथिन काम करतं आणि थोड्याच काळात पेशी त्याचा निकाल लावते. कात्री कायम घरात राहिली तर नको ते कापण्याची भीती, पाहुणी म्हणून आलेली बरी.

हे सगळं शरीराबाहेर. पेशी परत घालण्याआधी रुग्णाला जबर केमोथेरपी घ्यावी लागते. तेव्हा "विषय संपला" म्हणायला अजून अवकाश आहे.

बातमीबहाद्दर

चूक मान्य. बातमी वाचून लिहिलं होतं. नावातच कबुली आहे म्हणा.

शब्दवेल्हाळ

अवांतर: गोठणबिंदू यांनी 'विकर' वापरला, छान वाटलं. आमच्या पिढीने शाळेत 'वितंचक'सुद्धा वाचलंय. पण 'वितंचक' म्हटलं की मला अजून कुणीतरी भांडकुदळ काका आठवतात. बाकी 'प्रोटीन' हा शब्द १८३८चा, बर्झेलियस यांनी म्युल्डर यांना सुचवला, ग्रीकमधल्या 'पहिला' अशा अर्थाच्या शब्दावरून. आपल्या 'प्रथिना'तही 'प्रथम' ऐकू येतं. धागाकर्त्याने भाचीला हे सांगावं.

आळसोबा

वितंचक काका याच धाग्यावर आहेत, नाव घेत नाही. (स्पष्टवक्ता, हलके घ्या.)

मणी_ओवणारा

मी प्रथिनं जिवाणूकडून करून घेत नाही, रसायनांनी स्वतः ओवतो. मेरिफिल्ड यांनी १९६३मध्ये दाखवलेली पद्धत: प्लास्टिकच्या बारीक मण्यावर पहिलं अमिनो आम्ल पक्कं करायचं, त्यावर दुसरं, धुवायचं, तिसरं, धुवायचं. ऐकायला जपमाळ. गणित मात्र निर्दय आहे. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाली तरी शंभर जोडांनंतर पूर्ण साखळ्या उरतात ३७ टक्के. बाकी सगळा कचरा, आणि तो कचरा असतो हुबेहूब मालासारखा, एखादाच मणी कमी असलेला. वेगळा करताना डोळे पांढरे होतात. म्हणून पन्नासेक मण्यांपुढे घोडं पेंड खातं.

सुटका केली ती १९९४मध्ये केंट यांच्या गटाने. दोन छोटे तुकडे वेगवेगळे ओवायचे. एकाच्या शेवटी थायोएस्टर (गंधकाचा सहज तुटणारा बंध), दुसऱ्याच्या सुरुवातीला सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल). साध्या पाण्यात एकत्र सोडले की सिस्टीनचं गंधक थायोएस्टरला पकडतं, मग आतल्या आत उडी मारून खराखुरा पेप्टाइड बंध होतो. जोड कुठे होता तो शोधून सापडत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर दोन शिखरं खाली जाऊन तिसरं वर येताना तासातासाने बघत बसलो होतो. गंधकाचा वास मात्र कपड्यांतून घरापर्यंत येतो, त्याला नोबेल नाही.

फायदा काय? निसर्गाच्या वीस मण्यांपलीकडचे मणी घालता येतात. वजन कमी करण्यासाठी गाजणारं सेमाग्लुटाइड बघा, जीएलपी-१ या शरीरातल्या संप्रेरकाची सुधारित नक्कल. शरीरातलं मूळ जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटं टिकतं, कारण एक विकर त्याचं डोकं उडवतं. नेमक्या त्या जागेच्या ॲलॅनिनवर एक जादा मिथाइल गट बसवला की विकराचं पातं चालत नाही. शिवाय बाजूला मेदाम्लाची शेपटी, ती रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला लटकून फिरते. दोन मिनिटांचा अर्धायुष्यकाळ आठवड्यावर गेला. कुठलंही जनुक आपण होऊन असा मणी घालणार नाही.

स्पष्टवक्ता

वितंचक काका हजर. मणी_ओवणारा यांचा मुद्दा पटला. औषधात प्रथिन-रसायनाला काम आहे यावर वाद नव्हताच माझा. जनुक-संपादनात मात्र बोथट पात्यांखेरीज अजून काही दाखवा.

गोठणबिंदू

दाखवते. बेस एडिटर शरीरात न्यायला बऱ्याचदा एएव्ही विषाणू वापरतात. त्याच्या डब्यात साधारण ४,७०० अक्षरं मावतात, आणि बेस एडिटरच्या जनुकाला पाच हजारांच्या वर लागतात. कपाट लिफ्टमध्ये जात नाही, अशी गत. मग काय करतात? प्रथिनाचेच दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवतात, आणि प्रत्येक तुकड्याला इंटीन नावाची अर्धी अर्धी पट्टी जोडतात. पेशीत दोन्ही अर्ध्या पट्ट्या एकमेकींना शोधतात, मधली पट्टी स्वतःला कापून बाहेर पडते आणि जाता जाता दोन्ही बाजू शिवून जाते. शिंपी कापडातून निघून जातो, शिवण राहते. आणि आतलं रसायन कोणतं? थायोएस्टर आणि सिस्टीन! मणी_ओवणारा जे नळीत करतात तेच निसर्ग आधीपासून करत होता.

मणी_ओवणारा

शिंपी आवडला. उचलतो आहे, उद्याच्या व्याख्यानात वापरणार. मानधन मागू नये.

तांबडमाती

स्पष्टवक्ता, आणखी एक घ्या. नेहमीचं कॅस९ स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचं, म्हणजे घसादुखीवाल्या जिवाणूचं. आपल्यातल्या अनेकांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं आधीच असतात. शरीरात कात्री पाठवायची तर पहारेकऱ्याला तिचा चेहरा ओळखीचा. तो चेहरा बदलायचा आणि धार मात्र ठेवायची, हे काम कुणाचं?

आणि धागाकर्ते, मूळ की फांद्या हा तुमचा प्रश्न ट्रान्सथायरेटिनच्या आजारात सगळ्यात छान दिसतो. ते प्रथिन चौघांच्या गटात राहतं. गट फुटला की सुटे रेणू वेडेवाकडे होऊन हृदयात, नसांत साचतात. टॅफॅमिडिस ही गोळी त्या चौघांना घट्ट धरून ठेवते. दुसरीकडे २०२१मध्ये यकृतातलं त्याचं जनुकच क्रिस्परने बंद करून रक्तातली पातळी खाली आणल्याचे पहिले निष्कर्ष आले. एकाच आजारावर दोन्ही वाटांनी माणसं चालताहेत. पण जनुक बंद करावं हे ठरवायला आधी कळावं लागलं की दोष त्या चौघांच्या फुटण्यात आहे.

उंबरठा

सगळे कात्रीचं कौतुक करताहेत. २०१८मध्ये एका चिनी शास्त्रज्ञाने भ्रूणांवर ती चालवली, जुळ्या मुली जन्माला आल्या, तो तुरुंगात गेला. त्याबद्दल कुणी बोलणार की नाही?

स्पष्टवक्ता

बोलायला हवं, पण वेगळ्या धाग्यावर. वर सांगितलेले सगळे उपचार त्या रुग्णापुरते आहेत, पुढच्या पिढीत जात नाहीत. भ्रूणाचं प्रकरण निराळं. इथे मिसळलं तर दोन्हीचा चोथा होईल. तुम्ही धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

बाकी इंटीन मला माहीत नव्हतं. दोन दिवस त्यावर वाचतोय. एवढंच लिहितो, वितंचकपणाची इज्जत राहू द्या.

कुंपणावरचा

उशिरा येतोय, माफी. धाग्याचा दुवा भाचीला पाठवला होता. तिने सगळं वाचलं, आळसोबांचे प्रतिसादही. माझ्या शंकांबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "बेस एडिटरला कात्री म्हणू नका, तो आरपार कापत नाही." मग गोठणबिंदूताईंना एक प्रश्न पाठवलाय, जसाच्या तसा देतो: "डायलिसिसऐवजी डीसॉल्टिंग कॉलमवर पटकन बफर बदलला असता तर प्रथिन वाचलं असतं का?"

मला यातलं अर्धं कळलं नाही. पण मी आता कुंपणावरून उतरतोय असं समजा.

गोठणबिंदू

तिला सांगा, नसतं वाचलं. बफर तोच, पीएच तोच, म्हणजे साका झालाच असता. फक्त पिशवीऐवजी कॉलममध्ये, आणि प्रथिनाबरोबर कॉलमही गेला असता. आधी थोड्याशा नमुन्यावर दोन-तीन पीएच तपासून बघायचे, मगच सगळा माल ओतायचा.

आणि प्रयोगशाळेत गेल्या गेल्या आपला कॉलम वीस टक्के इथेनॉलमध्ये ठेव आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव लिही, नाहीतर दुसऱ्याच कुणीतरी वापरून कोरडा करून ठेवलेला सापडतो.